एक्सेलमधील दोन याद्या जुळत नाहीत, किंवा नको तितक्या जुळतात

शाळेच्या कार्यालयात वर्षातून तीन-चारदा तरी एकच काम समोर येते. जनरल रजिस्टरवरून तयार केलेली आपली यादी एका बाजूला असते, वरिष्ठ कार्यालयाकडून आलेली लाभार्थ्यांची यादी दुसऱ्या बाजूला असते, आणि दोन्ही याद्यांत असलेले विद्यार्थी वेगळे काढून संध्याकाळपर्यंत पाठवायचे असतात. पट चाळीसचा असेल तर कागदावर पट्टी ठेवून आणि खुणा करून हे काम उरकते. चारशेच्या पटाला एक्सेलचे सूत्रच लागते. हे सूत्र दोन प्रकारे दगा देते. पहिल्या प्रकारात दोन्ही याद्यांत डोळ्यांना स्वच्छ दिसणारे नाव सूत्राला सापडत नाही. दुसऱ्या प्रकारात जे विद्यार्थी यादीत नाहीत तेही सापडल्याचे सूत्र सांगते. पहिल्या प्रकाराचा त्रास होतो, पण निदान तो लक्षात तरी येतो. दुसरा लक्षातच येत नाही आणि चुकीची यादी सही-शिक्क्यानिशी पुढे जाते, म्हणून त्याच्याविषयी इथे अधिक लिहिले आहे.

पुढील सर्व सूत्रांत आपली यादी ए स्तंभात, ए२ ते ए४१३ अशी ४१२ विद्यार्थ्यांची धरली आहे आणि आलेली यादी बी स्तंभात, बी२ ते बी३८१ अशी ३८० विद्यार्थ्यांची धरली आहे. सूत्रांची नावे, स्तंभांची अक्षरे आणि अंक इथे देवनागरीत लिहिले आहेत. एक्सेलमध्ये ते अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करावयाचे आहेत.

याद्या जुळवण्यासाठी बहुतेक जण या दोन सूत्रांपैकी एक वापरतात:

=काउंटइफ($बी$२:$बी$३८१,ए२)

=मॅच(ए२,$बी$२:$बी$३८१,०)

पहिले सूत्र ए२ मधील नोंद दुसऱ्या यादीत किती वेळा आली ते मोजते, आणि दुसरे ती कितव्या जागी सापडली ते सांगते. सापडली नाही तर #एन/ए अशी चूक दाखवते. वरवर पाहता दोन्ही एकाच प्रश्नाचे उत्तर देतात, पण दोघांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. काउंटइफ हे सैल सूत्र आहे: अंकांनी बनलेला मजकूर दिसला की ते त्याची संख्या करून पाहते, त्यामुळे मजकूर म्हणून लिहिलेले १२३ आणि संख्या म्हणून लिहिलेले १२३ त्याच्या लेखी एकच असतात. मॅच तसे करत नाही. त्याच्या दृष्टीने मजकूर हा मजकूर आणि संख्या ही संख्या. म्हणूनच माझा आग्रह असा की यादी अनोळखी असेल तेव्हा सी स्तंभात काउंटइफ आणि डी स्तंभात मॅच अशी दोन्ही सूत्रे शेजारी-शेजारी लिहावीत आणि दोघांची उत्तरे ताडून पाहावीत. जिथे दोघांचे एकमत होत नाही, तिथेच बिघाड असतो, आणि मतभेद कसा आहे यावरून बिघाड कोणता तेही बहुधा कळते.

सगळेच जुळले, तेव्हा

माझी स्वतःची फसगत झाली ती १९ अंकी क्रमांकांमुळे. महाराष्ट्रात सरल प्रणालीतील विद्यार्थ्याचा क्रमांक १९ अंकी असतो: पहिले चार अंक वर्षाचे, पुढचे अकरा शाळेच्या यूडायस क्रमांकाचे आणि शेवटचे चार त्या विद्यार्थ्याचे. नावांपेक्षा क्रमांक खात्रीचा, या विचाराने मी दोन्ही याद्यांतील क्रमांकच जुळवायला घेतले. सगळे क्रमांक मजकूर म्हणून नीट नोंदवलेले होते, पूर्ण १९ अंक दिसत होते. काउंटइफ लावले आणि शून्यापेक्षा मोठे उत्तर आलेल्या ओळी चाळून घेतल्या, तर ४१२ पैकी ४०६ विद्यार्थी 'जुळले'. दुसऱ्या यादीत मुळात नावेच ३८० होती. तेवढे ध्यानात आले नसते तर ती यादी तशीच गेली असती.

सी२ मध्ये उत्तर होते ४३. एका विद्यार्थ्याचा क्रमांक यादीत एकदाच यायला हवा आणि सूत्र म्हणते ४३ वेळा आला. खाली पाहत गेलो तेव्हा त्याच वर्षी दाखल झालेल्या प्रत्येकापुढे ४३ होते, पुढच्या वर्षीच्या मुलांपुढे ५१, आणि दुसऱ्या शाळेतून आलेल्या मोजक्या मुलांपुढे १ किंवा शून्य. याचे कारण असे की एक्सेल कोणतीही संख्या पहिल्या १५ अंकांपर्यंतच अचूक ठेवते. त्यापुढच्या अंकांच्या जागी शून्य धरते. काउंटइफने १९ अंकी मजकुराची संख्या केली, तेव्हा शेवटचे चार अंक गेले आणि उरले ते वर्ष आणि यूडायस, म्हणजे चार अधिक अकरा, बरोबर पंधरा. एका वर्षी एका शाळेत दाखल झालेली सगळी मुले काउंटइफच्या दृष्टीने एकच मूल झाली. दोष माझाच होता, कारण सी स्तंभातील आकडे न वाचता मी फक्त 'शून्यापेक्षा मोठे' एवढीच चाळणी लावली होती.

हाच प्रकार कंडिशनल फॉरमॅटिंगमधील 'डुप्लिकेट व्हॅल्यूज' या सोयीतही होतो. पंधरापेक्षा जास्त अंकांचे क्रमांक निवडून ती वापरली की भिन्न क्रमांकही दुबार म्हणून रंगतात. १६ अंकी खाते क्रमांकांच्या याद्या करणाऱ्या पतसंस्थांतील मंडळींनाही हे लागू आहे.

उपाय सोपा आहे. मजकूर मजकुराशीच ताडणारे सूत्र वापरावे. मॅच तसे करतेच, त्यामुळे डी स्तंभातील उत्तर या ठिकाणी विश्वासाचे होते. किती वेळा आले हेही मोजायचे असेल तर:

=समप्रॉडक्ट(--($बी$२:$बी$३८१=ए२))

काउंटइफच ठेवायचे असेल तर अटीच्या शेवटी तारांकन जोडावे, म्हणजे अट संख्या होऊच शकत नाही:

=काउंटइफ($बी$२:$बी$३८१,ए२&"*")

या दुसऱ्या युक्तीत 'या अंकांनी सुरू होणारे काहीही' असा अर्थ होतो, त्यामुळे सर्व क्रमांक सारख्या लांबीचे असतील तरच ती वापरावी.

आता यापेक्षा वाईट स्थिती. यादी सीएसव्ही फाइलमध्ये आली आणि आपण तिच्यावर दोनदा क्लिक करून ती थेट उघडली, तर एक्सेल १९ अंकी क्रमांक संख्या समजते. पेशीत (म्हणजे सेलमध्ये) २.०१९२७ई+१८ असे काहीतरी दिसते आणि वरच्या सूत्रपट्टीत पाहिले तर शेवटचे चार अंक शून्य झालेले असतात. इथे सूत्राचा काही दोष नसतो, कारण माहितीच गेलेली असते. पेशीचे स्वरूप नंतर 'टेक्स्ट' केल्याने गेलेले अंक परत येत नाहीत, आणि ती फाइल तशीच जतन केली तर मूळ प्रतही बिघडते. म्हणून सीएसव्ही थेट न उघडता, कोऱ्या वर्कबुकमधून डेटा टॅबवरील 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' या मार्गाने आत घ्यावी आणि क्रमांकाच्या स्तंभाचा प्रकार टेक्स्ट असा निवडावा. जुन्या आवृत्तीत आयातीच्या तिसऱ्या पायरीवर ही निवड येते. दुसरीकडून कॉपी करून आणायचे असेल तर आधी रिकाम्या स्तंभाचे स्वरूप टेक्स्ट करावे, मग पेस्ट स्पेशलमधून केवळ मजकूर चिकटवावा. बिघडलेली फाइल ओळखण्यासाठी टाइप हे छोटे सूत्र पुरते: =टाइप(ए२) चे उत्तर १ आले तर पेशीत संख्या आहे, २ आले तर मजकूर आहे. क्रमांकाच्या स्तंभात १ दिसले की काम थांबवून मूळ फाइल पुन्हा मागवावी.

काउंटइफ म्हणते 'आहे', मॅच म्हणते 'नाही'

पंधरा अंकांपर्यंतच्या क्रमांकांत असा मतभेद दिसला तर एका यादीत संख्या आणि दुसरीत मजकूर आहे, असे समजायला हरकत नाही. हजेरी क्रमांक, मोबाइल क्रमांक, १२ अंकी आधार क्रमांक यांच्या बाबतीत हे रोजचे आहे. पेशीच्या डाव्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण असेल तर तो याचीच खूण. पंधरा अंकांच्या आतील क्रमांक असतील तर कोणत्याही एका बाजूला झुकवता येतात, पण मी नेहमी दोन्ही याद्या मजकुराच्या बाजूला नेतो, कारण क्रमांकांची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही आणि सुरुवातीची शून्ये टिकतात. शेजारच्या रिकाम्या स्तंभात =ए२&"" एवढे लिहून खाली ओढले की मजकूर तयार होतो. दोन्ही याद्यांसाठी असे दोन नवे स्तंभ करावेत आणि मॅच त्यांच्यावर चालवावे.

दोन्ही सूत्रे नाही म्हणतात, पण डोळ्यांना दिसते

इथे पेशीत काहीतरी न दिसणारे आहे. पहिली तपासणी लांबीची: =लेन(ए२) आणि समोरच्या यादीतील त्याच नोंदीची लांबी. आकडे वेगळे आले तर जास्तीचे चिन्ह कुठे आहे ते शोधायचे. शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा हा सर्वांत साधा प्रकार. तिला ट्रिम पुरते, आणि दोन शब्दांमधील जास्तीच्या जागाही ट्रिम एकवर आणते. मात्र संकेतस्थळावरून कॉपी केलेल्या यादीतील मोकळी जागा पुष्कळदा वेगळीच असते. तिचा संकेतांक १६० असतो, साध्या जागेचा ३२, आणि ट्रिमला फक्त ३२ ओळखू येतो. म्हणून आधी १६० चे ३२ करून मग ट्रिम लावावे:

=ट्रिम(सबस्टिट्यूट(ए२,कॅर(१६०)," "))

क्रमांकाची लांबी १९ ऐवजी २० आली आणि टाइपचे उत्तर २ असेल, तर पहिल्या जागी चक्क एकेरी अवतरणचिन्ह अक्षर म्हणून बसलेले आहे का ते पाहावे. क्रमांक बिघडू नये म्हणून कोणी तरी चांगल्या हेतूने ते टाकलेले असते, आणि फाइल एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना ते खरेच अक्षर होऊन बसते.

मराठी नावांच्या याद्यांचे दुखणे मात्र निराळे आहे, आणि परभाषेतील मार्गदर्शनात ते सहसा सापडत नाही. आपल्या लिपीत एकच दिसणारे अक्षर दोन प्रकारे टाइप होऊ शकते. 'ॲड.' या संक्षेपातील पहिले अक्षर काही कळफलकांवर एकाच कळीने येते, आणि त्याचा युनिकोड संकेतांक २४१८ असतो. दुसरा कोणी आधी अ आणि मग चंद्र उमटवतो, तेव्हा २३०९ आणि २३७३ अशी दोन चिन्हे होतात. कागदावर दोन्ही एकसारखी दिसतात, लेन मात्र एकाला १ आणि दुसऱ्याला २ म्हणते. आडनावांत याहून जास्त घोळ होतो. 'वऱ्हाडे' किंवा 'कऱ्हाडकर' यांतील अर्धा ऱ काही जण २३५३ हा स्वतंत्र ऱ वापरून लिहितात, तर काही जण साधा र, हलन्त आणि त्यापुढे ८२०५ हे अदृश्य जोडचिन्ह वापरतात. एका यादीत पहिला प्रकार आणि दुसरीत दुसरा असला की सूत्र नाही म्हणणारच. कोणते अक्षर बसले आहे हे पाहायचे असेल तर:

=यूनिकोड(मिड(ए२,२,१))

यातील २ च्या जागी हव्या त्या अक्षराचा क्रम घालावा. यूनिकोड आणि यूनिकॅर ही सूत्रे एक्सेल २०१३ पासून आहेत. दुरुस्ती पुन्हा सबस्टिट्यूटनेच करायची. दोनपैकी कोणतेही एक रूप प्रमाण ठरवावे आणि दोन्ही याद्या त्या रूपात आणाव्यात:

=सबस्टिट्यूट(ए२,यूनिकॅर(२३५२)&यूनिकॅर(२३८१)&यूनिकॅर(८२०५),यूनिकॅर(२३५३)&यूनिकॅर(२३८१))

जुन्या फाइलींबाबत आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी मराठी दिसते, पण पेशीत असतात ती इंग्रजी अक्षरे; फॉन्ट बदलून पाहिला की खरे रूप उघडे पडते. अशी यादी युनिकोड यादीशी कधीच जुळणार नाही, ती आधी रूपांतरित करून घ्यावी लागते. दोन्ही याद्या कृतिदेवमध्ये आहेत म्हणून निश्चिंत राहावे, तर तेही खरे नाही. कृतिदेवमध्ये छोटा डी म्हणजे क आणि मोठा डी म्हणजे अर्धा क्, तर छोटा के म्हणजे काना आणि मोठा के म्हणजे ज्ञ. काउंटइफ आणि मॅच ही दोन्ही सूत्रे इंग्रजीतील छोटी-मोठी अक्षरे एकच मानतात, त्यामुळे भिन्न मराठी शब्दही जुळल्याचे ती सांगू शकतात. या एका ठिकाणी दोघांचे एकमतही कामाचे नाही, एक्झॅक्ट हवे:

=समप्रॉडक्ट(--एक्झॅक्ट($बी$२:$बी$३८१,ए२))

आणि हे सगळे करूनही नावांवरून जुळवणी शक्यतो करूच नये. एका यादीत आडनाव आधी, दुसरीत नाव आधी, एकीत 'कु.' लावलेले, दुसरीत नाही. वडिलांचे नाव कधी पूर्ण, कधी आद्याक्षर. क्रमांक उपलब्धच नसेल तर नाव आणि जन्मतारीख यांची जोडी करावी, मध्ये उभी रेघ घालावी आणि तारीख टेक्स्ट सूत्राने वर्ष-महिना-दिवस अशा एकाच रूपात आणावी. तसे न करता तारीख नुसती जोडली तर तिच्या जागी एक्सेलचा अंतर्गत आकडा येतो, १ जानेवारी २०२४ साठी ४५२९२. दोन्ही याद्यांत तारखा खऱ्या तारखा असतील तर त्यानेही जुळते म्हणा, पण एका यादीत तारीख मजकूर असली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सूत्राचीच चूक असते ती दोन ठिकाणी

डॉलरची चिन्हे राहिली, तर सूत्र खाली ओढताना पट्टाही खाली सरकतो. पहिल्या ओळी बरोबर येतात आणि खालच्या ओळींतील विद्यार्थी एकेक करून गळत जातात. यादीच्या शेवटी-शेवटी #एन/ए दाटलेले दिसले तर आधी हेच पाहावे. दुसरे, मॅचमधील शेवटचे शून्य आणि व्हीलुकअप या शोधसूत्रातील चौथा घटक. ते लिहिले नाहीत तर एक्सेल यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असे गृहीत धरून जवळचे उत्तर देते, आणि ते उत्तर चूक असले तरी चुकीसारखे दिसत नाही.

जुळलेली नावे वेगळी काढणे

मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्सेल २०२१ असेल तर एका पेशीत लिहिलेले सूत्र पुरते. गूगल शीट्समध्येही ते चालते, फक्त शेवटचा 'एकही नाही' हा घटक तिथे गाळावा लागतो.

=फिल्टर(ए२:ए४१३,इझनंबर(मॅच(ए२:ए४१३,बी२:बी३८१,०)),"एकही नाही")

न जुळलेले हवे असतील तर इझनंबरच्या जागी इझएनए लिहावे. कार्यालयाला बहुधा तेच अधिक लागतात, कारण पाठपुरावा त्यांचाच करायचा असतो. सूत्राखालच्या पेशी रिकाम्या नसतील किंवा एकत्र केलेल्या असतील तर #स्पिल! अशी चूक येते. खालचा भाग मोकळा केला की ती जाते.

एक्सेल २०१९ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत हे सूत्र #नेम? म्हणते. तिथे कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकदम दाबून लिहायची लांबलचक सूत्रे सुचवली जातात, पण ती दुसऱ्याच्या हाती गेली की मोडतात. मला मदतनीस स्तंभ बरा वाटतो. ई१ मध्ये शीर्षक ठेवून ई२ मध्ये हे लिहावे आणि खाली ओढावे:

=इफ(इझनंबर(मॅच(ए२,$बी$२:$बी$३८१,०)),मॅक्स(ई$१:ई१)+१,"")

त्यामुळे जुळलेल्या प्रत्येक ओळीला १, २, ३ असा क्रम मिळतो. मग एफ स्तंभात साधे अनुक्रमांक घालून जी२ मध्ये:

=इफएनए(इंडेक्स($ए$२:$ए$४१३,मॅच(एफ२,$ई$२:$ई$४१३,०)),"")

एक्सेल २०१० मध्ये इफएनए नाही, तिथे नाइलाजाने इफएरर वापरावे. एरवी इफएरर टाळावे, कारण ते सगळ्याच चुका झाकते. सूत्राचे नाव टाइप करताना चुकले तरी पेशी रिकामी दिसते आणि आपण 'नाही जुळले' असे समजून बसतो.

यादी पाठवण्याआधी तीन आकडे मांडून पाहावेत. आपल्या यादीतील जुळलेले अधिक न जुळलेले मिळून आपला पट यायला हवा. मग उलट बाजूने, म्हणजे बी मधील किती क्रमांक ए मध्ये आहेत ते मोजावे:

=समप्रॉडक्ट(--इझनंबर(मॅच(बी२:बी३८१,ए२:ए४१३,०)))

दोन्ही बाजूंनी जुळलेल्यांची संख्या एकच यायला हवी. ती वेगळी आली तर कोणत्या तरी यादीत दुबार नोंद आहे. माझ्या त्या यादीत मॅचने ३७७ जुळलेले आणि ३५ न जुळलेले दाखवले, मिळून ४१२. उलट बाजूनेही ३७७ आले आणि बी मधले तीन उरले. जनरल रजिस्टर उघडून पाहिले, तर त्या तिघांनी आधीच्या मे महिन्यात शाळा सोडल्याचे दाखले नेले होते.